बाहेरचं प्लास्टर नव्याने करायचं, पण कोणत्या महिन्यात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तळेगाव दाभाड्याला १९९०च्या दशकात बांधलेला बंगला, तळमजला आणि वर एक मजला. भाजलेल्या विटांच्या नऊ इंची भिंती, बाहेरून सिमेंटचं सँडफेस, म्हणजे वाळूसारखं खरबरीत दिसणारं प्लास्टर. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर ते पोकळ झालंय, खिडक्यांखाली पोपडे सुटलेत आणि यंदाच्या पावसात आतल्या बाजूलाही ओल उतरली. पुढच्या मे महिन्यात घरात मुंज आहे. तीन कंत्राटदारांना विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. पहिला म्हणतो एप्रिलमध्ये करू, कडक ऊन असतं, दोन दिवसांत खडखडीत वाळतं. दुसरा म्हणतो दिवाळीनंतर. तिसरा म्हणतो प्लास्टर काढूच नका, चार दिवस उघडीप मिळाली की वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारून देतो. आणि शिकागोच्या भावाने फोनवर बजावलंय की हे काम हिवाळ्यात अजिबात करायचं नाही.

माझं मत दुसऱ्या कंत्राटदाराच्या बाजूने आहे, त्यात थोडी दुरुस्ती करून. तोडफोड दिवाळीनंतर, प्लास्टर डिसेंबर-जानेवारीत आणि रंग फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये. मी पुणे आणि आसपास घरदुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे बोलतोय ते मुख्यतः या पट्ट्याबद्दल. कोकण, विदर्भ, घाटमाथा यांचं गणित वेगळं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

लोक महिना ठरवताना एकच गोष्ट बघतात, पाऊस नको. ते बरोबर आहे, पण पुरेसं नाही. बाहेरच्या प्लास्टरला एकाच वेळी दोन गोष्टी लागतात आणि त्या ऐकायला एकमेकींच्या उलट वाटतात. मागची भिंत आतून कोरडी झालेली हवी, आणि तिच्यावर चढवलेला नवा थर निदान आठ-दहा दिवस ओला राहायला हवा. पावसाळ्यात आणि पावसाळा संपल्यासंपल्या पहिली अट मोडते. एप्रिल-मेमध्ये दुसरी. दोन्ही एकत्र जमतात असे आपल्याकडे जेमतेम तीन महिने असतात.

दुसऱ्या अटीपासून सुरुवात करतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्या क्रियेतून ते वाळूच्या कणांना धरून ठेवतं. क्रिया पुरी व्हायच्या आत पाणी उडून गेलं तर ती अर्धवट थांबते. नंतर पाणी मारून ते नुकसान पूर्ण भरून निघत नाही. बाहेरच्या प्लास्टरचे दोन थर मिळून जाडी असते वीस-बावीस मिलिमीटर, आणि पसारा मात्र हजारो चौरस फुटांचा. कॉलम किंवा स्लॅबसारखं पोटात पाणी साठवून ठेवण्याची त्याची ऐपत नाही. एका बाजूने तापलेली वीट पाणी शोषते, दुसऱ्या बाजूने ऊन आणि वारा. एप्रिलमध्ये तळेगावला दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवून बघा, फार वेळ ठेवता येणार नाही. अशा भिंतीवर केलेलं प्लास्टर दोन दिवसांत 'खडखडीत' होतं हे खरंच आहे. तेच प्लास्टर वर्षभराने नखाने खरवडलं की रेती हातात येते, आणि उन्हात तिरकं बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात. पुढच्या पावसात पाणी त्याच भेगांतून आत शिरतं.

भारतीय मानकांमध्ये काँक्रीटसाठी जे आकडे दिलेत ते या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहेत. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी, फ्लाय ॲश (कोळशाची राख) वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस, आणि हवा गरम-कोरडी असेल तर हेच आकडे १० आणि १४ होतात. आता तुमच्या दुकानात मिळणारी बहुतेक गोणी पीपीसीची, म्हणजे फ्लाय ॲशवालीच असते. म्हणजे एप्रिलमध्ये काम केलंत तर पाण्याची गरज सर्वांत जास्त, आणि नळाला पाणी सर्वांत कमी. मे महिन्यात टँकर मागवून भिंतींवर पाणी मारणारा घरमालक मी क्वचितच पाहिलाय. पहिले दोन दिवस उत्साह असतो, मग 'सकाळी मारलं होतं की' सुरू होतं.

एप्रिल-मेची आणखी एक अडचण म्हणजे वळीव. दिवसभर आग ओकल्यावर संध्याकाळी पाचला ढग भरून येतात आणि अर्ध्या तासात गारांसकट कोसळतात. दुपारी मारलेला दुसरा थर त्यात धुऊन जातो. आणि मान्सून जूनमध्येच येईल हा भरवसाही आता ठेवू नका. मुंबईत तो येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच दाखल झाला. मेच्या शेवटी 'आठ दिवसांचंच काम उरलंय' म्हणणाऱ्यांची त्या वर्षी पंचाईत झाली. प्लास्टर अर्धं, परांची उभी आणि विटा उघड्या.

आता पहिली अट, आतून कोरडी भिंत. तुमच्याकडचा पाऊस पुण्यापेक्षा जास्त आणि वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, म्हणून तर त्याच दोन भिंती खराब झाल्यात. चार महिने सपके खाल्लेली नऊ इंची वीट नवरात्रात वरून कोरडी दिसते, पण पोटात पाणी असतं. हे पाणी बाहेर येताना विटेतले आणि जुन्या मालातले क्षार घेऊन येतं. तिच्यावर लगेच नवं प्लास्टर चढवून वर रंग मारला की दोन-चार महिन्यांत पांढरा लोणा फुटतो, रंगाला फोड येतात आणि दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. म्हणून जुनं प्लास्टर काढल्यावर मी भिंत निदान दोन ते तीन आठवडे उघडी ठेवतो. उत्तरेच्या भिंतीला जास्त वेळ लागतो, तिथे ऊन पोचत नाही. तपासायची सोपी युक्ती म्हणजे फूटभर चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी पक्क्या टेपने विटेवर चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून थेंब धरले असतील तर थांबा.

इथे कुणीही विचारेल की भिंत इतकी वाळवायची, तर मग प्लास्टरच्या आधी गवंडी तिच्यावर पाणी का मारतात? ते पाणी वेगळ्या कामाचं. कोरडीठाक वीट नव्या मालातलं पाणी ओढून घेते, म्हणून तिची वरची कातडी तेवढी भिजवायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि चकाकणारं पाणी दिसेनासं झालं की माल मारायचा. ही अर्धा इंच खोलीची ओल दिवसभरात निघून जाते. पावसाळ्यात मुरलेली नऊ इंचांची ओल तशी जात नाही.

म्हणूनच तिसऱ्या कंत्राटदाराचं ऐकू नका असं स्पष्ट सांगतो. ओल्या आणि पोकळ प्लास्टरवर रबरासारखा जाड वॉटरप्रूफ रंग मारला की आतलं पाणी आतच कोंडतं. भिंत बाहेरून वर्षभर देखणी दिसते आणि तेवढ्या काळात तीच ओल घराच्या आतल्या बाजूने वाट काढते. पुढे प्लास्टर पडतं तेव्हा रंगाच्या कातड्यासकट मोठे तुकडे पडतात. मुंजीला आलेली मुलं भिंतीखाली खेळत असताना ते नको.

तुमचे भाऊ त्यांच्या जागी अगदी बरोबर आहेत. शिकागोत डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याच्या खाली जातो. ओल्या थरातलं पाणी गोठलं की फुगतं आणि थर आतून फुटतो. तिकडे साधारण ५ अंशांच्या खाली काम थांबवतात, किंवा सगळी परांची प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत हीटर लावतात. शिवाय अमेरिकेत बहुतेक घरांत भिंत विटेची नसतेच. लाकडी सांगाडा, त्यावर पाणी अडवणारा कागद, आणि बाहेरून प्लास्टर असेल तर त्यावर जाळी आणि मग थर. त्यांच्याकडे म्हणून वसंत आणि शरद ऋतू. तळेगावात एखाद्या कडाक्याच्या पहाटे सात-आठ अंश झाले तरी दुपारी सव्वीस-सत्तावीस होतात. सिमेंटला हे मानवतं. क्रिया थोडी सावकाश होते एवढंच, आणि सावकाश होणं वाईट नाही.

थंडीचा एक तोटा मात्र आहे आणि तो कुणी सांगत नाही. माल हळू आवळतो. दुसरा थर मारून पट्टी फिरवली की स्पंजने फिनिश करायला तो थोडा बसावा लागतो. मेमध्ये हे अर्ध्या तासात होतं, जानेवारीत दोन-दोन तास लागतात. दिवस लहान, पाच-साडेपाचनंतर उजेड कमी होत जातो, आणि गवंड्याला घरी जायचं असतं. मग तो काय करतो, तर मूठभर कोरडं सिमेंट भिंतीवर भुरभुरतो. वरचं पाणी शोषलं जातं, गुरमाळा (प्लास्टर घासून सपाट करायचं हत्यार) लगेच फिरवता येतो, भिंत गुळगुळीत दिसते. त्या सिमेंटच्या पातळ सायीला आठवड्यात बारीक तडे जातात. यावर उपाय साधा आहे. दुसऱ्या थराचा माल दुपारी दोननंतर मारायचा नाही. सकाळी नऊच्या सुमारास सुरुवात, दोनपर्यंत जेवढं होईल तेवढं, आणि उरलेल्या दिवसात फिनिश आणि दुसऱ्या दिवसाची तयारी. कंत्राटदाराशी हे आधी बोलून घ्या, कारण त्याचं रोजचं काम त्यामुळे थोडं कमी भरतं.

ऑक्टोबरचं काय, असं अनेकजण विचारतात. दसऱ्याचा मुहूर्त असतो, पाऊस गेलेला वाटतो. पुण्यातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो, पण परतीचा पाऊस हा मुक्कामाच्या पावसापेक्षा बेभरवशाचा. १४ ऑक्टोबर २०२० च्या रात्री पुण्यात आणि सोलापूरकडे अतिवृष्टीने काय झालं ते आठवत असेल. वर ऑक्टोबर हीट. भिंत आतून ओली, बाहेरून तापलेली, म्हणजे दोन्ही अटी एकाच वेळी मोडतात. ऑक्टोबर मी गच्चीसाठी ठेवतो, आणि ते काम कमी महत्त्वाचं नाही.

कारण बाहेरचं प्लास्टर स्वतःहून क्वचितच मरतं. त्याला पाणी कुठून तरी पाजलेलं असतं. तुम्ही हा प्रश्न भर पावसाळ्यात विचारलात हे फार बरं झालं, अजून पाऊस आहे तोवर ओल कुठून येते याचं निदान करून घ्या. संततधार लागली की छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा आणि फोटो काढून ठेवा. गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावरून पाणी भिंतीवर ओघळतंय का? माथ्याला आतल्या बाजूला उतार हवा, बऱ्याच घरांत तो सपाट नाहीतर बाहेरच्या बाजूला असतो. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, की पाणी छज्ज्याच्या पोटाखालून सरपटत भिंतीपर्यंत येतंय? खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेर उतार आहे का? तुमचे पोपडे खिडक्यांखालीच आहेत म्हणून माझा पहिला संशय तिथे. पावसाच्या पाइपाचे सांधे, बाथरूमच्या भिंतीमागचा पाइप, कठड्याच्या भेगेत उगवलेला पिंपळ, सगळं बघा. पिंपळ नुसता उपटू नका. तोडफोडीच्या वेळी मुळासकट काढता येतो, नाहीतर पुन्हा फुटतो.

ओल कुठून येते हे कोरड्या भिंतीकडे बघून सांगणारे लोक असतात. मी त्यांच्यातला नाही. डिसेंबरमध्ये कंत्राटदार येईल तेव्हा तुमचे पावसाळ्यातले फोटोच कामाला येतील.

मग ऑक्टोबरमध्ये कठड्याचा माथा, गच्चीचे वाटे (गच्ची आणि कठडा भेटतात तिथली गोलाई), पाणी जायची तुंबलेली तोंडं आणि गळके पाइप दुरुस्त करून घ्यायचे. गच्चीवर पाणी साठवून चाचणी करायची असेल तीही तेव्हाच. नवं प्लास्टर झाल्यावर गच्चीचं काम काढलं की वरून राडारोडा आणि सिमेंटचे ओघळ नव्या भिंतीवर येतात.

सगळ्याच भिंतींचं प्लास्टर काढायचं का, हेही आत्ताच ठरवू नका. हातोडीच्या दांड्याने भिंतभर ठोकत जा. घट्ट प्लास्टर खणखणीत वाजतं, पोकळ प्लास्टर बद्द वाजतं. पोकळ जागा खडूने आखा आणि लांब उभे राहून बघा. एका भिंतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त आखलेला दिसला तर ती भिंत पूर्ण काढा, ठिगळं लावण्यात पैसे घालवू नका. उत्तर आणि पूर्व खणखणीत असतील तर त्यांना हात लावायचं कारण नाही. तिथे भेगा भरून रंग पुरे. तुमच्या वर्णनावरून दोन भिंतींचंच काम निघेल असं वाटतं, पण हा अंदाज आहे, ठोकून बघितल्याशिवाय खरं नाही.

आता तुमचं वेळापत्रक मुंजीपासून उलटं मोजू. मे महिन्यात मांडव. रंग मार्चअखेर संपलेला बरा. मध्ये होळीला उत्तरेकडचे कारागीर गावी जातात आणि लवकर परतत नाहीत, तेही धरून चाला. रंगाआधी नवं प्लास्टर पाणी मारणं थांबल्यानंतर सुमारे महिनाभर वाळू द्यायचं. ताज्या सिमेंटमध्ये अल्कली जोरात असते, ती रंगाचा बंध तोडते. म्हणजे पाणी मारणं जानेवारीअखेर, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपायला हवं. त्याआधी दहा दिवस पाणी, त्याआधी दुसरा थर. दोन थरांमध्ये मी चार-पाच दिवस ठेवतो आणि तेवढे दिवस पहिल्या थरालाही पाणी मारतो. असं मागे मागे जात प्लास्टरची सुरुवात डिसेंबरच्या मध्यावर येते, आणि तोडफोड नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दिवाळीला गेलेले गवंडी तेव्हाच परत आलेले असतात. उत्तरेकडचे छठपूजा करून येतात, मराठवाड्यातले आणि गुलबर्गा-विजापूरकडचे शेतीची कामं आटोपून. दिवाळीच्या आधी अर्धवट तोडून ठेवायला कधीच होकार देऊ नका, तीन आठवडे घर उघडं पडतं. (मांडववाला नव्या भिंतीत हूक ठोकायला बघेल, त्याला तेवढं आधी सांगून ठेवा.)

काम चालू असताना भिंतींचा क्रम सावलीप्रमाणे लावा. पश्चिमेची भिंत सकाळी, तेव्हा तिच्यावर ऊन नसतं. पूर्वेची असलीच तर दुपारनंतर फक्त पहिला थर. दक्षिणेकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे डिसेंबरात सर्वांत जास्त वेळ ऊन दक्षिणेच्याच भिंतीवर असतं. तिथे परांचीला हिरवी जाळी बांधा. ती उन्हालाही अडवते आणि दुपारच्या वाऱ्यालाही. वारा हा उन्हाइतकाच वाईट, तळेगावला तर तो कायमचा पाहुणा.

मालाबद्दल थोडक्यात. पहिला थर बारा ते पंधरा मिलिमीटर, दुसरा सहा ते आठ. बाहेरच्या कामाला मी एकास चार धरतो, म्हणजे सिमेंट एक भाग आणि वाळू चार. पहिला थर खरबरीत ठेवायचा, त्याच्यावर रेघा ओढायच्या, म्हणजे दुसरा पकडतो. जिथे काँक्रीटचा कॉलम-बीम आणि वीट भेटतात तिथे फूटभर रुंदीची जाळी, दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी, खिळ्यांनी ताणून. तुमच्याकडे दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो, वीट आणि काँक्रीट वेगवेगळे हलतात आणि भेग नेमकी त्या सांध्यावर येते. वाळू क्रशची, म्हणजे दगड फोडून केलेली असेल तर प्लास्टरसाठी धुतलेली मागा, भुकटी जास्त असली की तडे ठरलेले. कालवलेला माल तासाभरात संपवायचा, जेवणाच्या सुट्टीत आवळलेल्या मालात पाणी घालून पुन्हा कालवायचा नाही. जिप्समचं प्लास्टर आतल्या भिंतींसाठी, बाहेर कुणी सुचवलं तर त्या माणसाला चहा पाजून निरोप द्या.

पाणी कोण मारणार हे करारात लिहा. आमच्या धंद्यात रिवाज असा की 'क्युअरिंग मालकाकडे'. तुम्ही तिथे राहत नसाल तर शेजारच्या एखाद्या माणसाला पैसे देऊन ते काम सोपवा. थंडीत दिवसातून तीनदा, दक्षिणेला आणि पश्चिमेला चारदा. नळीचा फवारा बारीक, पहिल्या दिवशी तर धार मारायचीच नाही.

जे वाचक तळेगावला राहत नाहीत त्यांच्यासाठी. कोकणात आणि गोव्यात हवा दमट, भिंत सुकी व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून डिसेंबरच्या मध्याआधी घाई नको. पण दमटपणामुळे तिथे मार्चपर्यंतही प्लास्टर बरं होतं. जुनी जांभ्याची, चुन्यात बांधलेली घरं असतील तर त्यांच्यावर कडक सिमेंट चढवू नका. चिरा मऊ असतो, श्वास घेतो, त्याला चुन्याचाच गिलावा सोसतो, आणि चुन्याचं हवामानाचं गणित पूर्ण वेगळं आहे. खाडीची वाळू कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, तिच्यातलं मीठ पुढची कैक वर्षं भिंतीतून बाहेर येत राहतं. लोणावळा, महाबळेश्वरला भिंती जानेवारीपर्यंत सुकत नाहीत, तिथे जानेवारी ते मार्च. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे उलट. पाऊस लवकर आटोपतो, पण मार्चपासूनच ऊन सहन होत नाही, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी. नाशिक-निफाडला काही रात्री पारा ५ अंशांखाली जातो, अशा लाटेत तीन-चार दिवस काम थांबवा. फार तर फक्त सकाळी दहा ते एक.

काही कारणाने डिसेंबर हुकला आणि एप्रिलच उरला, तर काम होणारच नाही असं नाही. पण मग सकाळी साडेसहाला सुरुवात, अकराला माल बंद. सगळ्या परांचीला जाळी. थर मारल्याच्या दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर गोणपाट सोडायचं आणि ते चौदा दिवस ओलं ठेवायचं. त्यासाठी स्वतंत्र टाकी भरून ठेवा, आणि बोअरचं पाणी खारट असेल तर ते वापरू नका. शक्य असेल तर तेव्हा फक्त सर्वांत वाईट भिंत करा आणि उरलेलं दिवाळीनंतर.

आणि प्लास्टर अगदी आत्ता, पावसातच पडायला लागलं असेल, तर जे लोंबतंय तेवढं काढून टाका. कुणाच्या डोक्यात पडायला नको. उघड्या विटांवर उघडीप बघून एकास चारचा एकच खरबरीत थर द्या आणि तो तसाच ठेवा. त्याच्यावर रंग नको, पुट्टी नको. पावसाळ्यात त्याला शेवाळं धरेल, धरू द्या. डिसेंबरमध्ये तारेच्या ब्रशने घासून धुवायचं, ठोकून बघायचं, घट्ट असेल तर त्याच्यावर दुसरा थर आणि नसेल तर काढायचं.

पैशांचं एक. भाव मी सांगत नाही, ते गावागणिक आणि मजल्यागणिक बदलतात. पण तिघांकडून दर मागताना तोडफोड, राडारोडा उचलणं, परांची, जाळी आणि छज्ज्यांच्या खाचा हे सगळं धरून मागा, नाहीतर स्वस्त वाटणारा दर शेवटी महाग पडतो. परांची उतरवण्याच्या आदल्या दिवशी स्वतः वर चढून, नाहीतर जाणत्या माणसाला चढवून, सगळ्या भिंती पुन्हा ठोकून घ्या. बद्द वाजेल ती जागा तेव्हाच उकरून भरता येते. परांचीच्या बल्ल्यांची भोकं भरताना माल कोंबून भरला जातोय का तेही बघा, तिथून पाणी शिरल्याच्या तक्रारी मी खूप पाहिल्यात. रकमेचा दहावा हिस्सा पुढचा पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवता आला तर उत्तम. बहुतेक कंत्राटदार नाही म्हणतील. मग निदान पाणी मारण्याचे दहा दिवस संपून दुसऱ्यांदा ठोकून होईपर्यंत तरी तो हिस्सा देऊ नका.